पासिंगपुरता टायर

मित्रांनो, मी एक जुना टायर आहे. नाकं मुरडू नका. माझ्या अंगाला रबराचा वास येतो, चिखलही लागला आहे, ठाऊक आहे मला. पण आज तुमच्याशी बोलायचंच आहे, कारण माझ्या जिवाला घोर लागला आहे.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्या अंगावर खोल, ठसठशीत नक्षी होती. ही नक्षी शोभेची नसते बरं का. ओल्या रस्त्यावर ती पाणी बाजूला सारते आणि गाडीला घसरू देत नाही. विरारला चंदनसारमध्ये वॉल्टरशेटचं टायरचं दुकान आहे. त्यांनी आम्हा चार भावांना एकदम विकत घेतलं. मला वाटलं, आता एखादी छान गाडी मिळणार, मनसोक्त फिरणार. कसलं काय!

वॉल्टरशेटनी आम्हाला ठेवलं ते पासिंगसाठी. भाड्याने चालणारी गाडी ठरल्या मुदतीत सरकारी तपासणीला न्यावी लागते. ब्रेक, दिवे, टायर बघून मगच तिला रस्त्यावर सोडतात. त्यालाच गाडीवाले पासिंग म्हणतात. ज्यांचे टायर झिजून अगदी गोटा झालेले असत, ते आदल्या दिवशी आमच्या दुकानात येत. त्यांचे गोटे दुकानात ठेवायचे आणि आम्हाला बसवायचं, हा रिवाजच होता. तपासणीच्या मैदानावर सरकारी साहेब मला बुटाने हलकेच ठोकत आणि म्हणत, "टायर नवे दिसतात." मी खूश होऊन जाई. पण संध्याकाळी आम्हाला काढून तेच गोटे परत चढवत. गाडी माणसं भरून निघून जाई आणि मी भिंतीला टेकून काळजी करत बसे. परीक्षेला आम्ही आणि रस्त्याला ते, हा कुठला न्याय?

दोन हजार नऊच्या पावसाळ्यात स्वाइन फ्लूची साथ आली. शाळा बंद झाल्या. लोक तोंडाला रुमाल बांधून, कापूर-वेलचीची पुरचुंडी हुंगत फिरू लागले. नेमकी त्याच दिवसांत काळूरामच्या व्हॅनची पासिंग आली. काळूराम चंदनसारची मुलं तुळिंजच्या शाळेत नेत असे. त्याची मुलगी रचना त्याच व्हॅनमध्ये पुढे बसायची.

त्या दिवशी मैदानावर साहेब मास्क लावून लांब उभे होते. जवळ यायलाच तयार नाहीत. लांबूनच एक नजर टाकली, हात हलवला, झाली व्हॅन पास. मला कोणी बुटानेसुद्धा शिवलं नाही. असं बघितलं तर गोटेही पास झाले असते की.

"संध्याकाळी काढून घेतो हां, काळूराम," वॉल्टरशेट सकाळी म्हणाले होते. पण दुपारीच त्यांना सणकून ताप भरला. दुकानाला कुलूप लागलं, गल्लीतलं कोणी तिकडे फिरकेना. काळूरामचे गोटे आत कोंडले गेले. म्हणून शाळा उघडली तेव्हा आम्ही चौघे व्हॅनलाच होतो. आयुष्यात पहिल्यांदा मी मुलांना घेऊन निघालो. आनंद झाला, पण धाकधूकही होती, कारण वॉल्टरशेट बरे झाले की आमची रवानगी परत भिंतीकडे होणार होती.

व्हॅनमधून शाळेत जाणाऱ्या आर्याची आई, विनयाताई, रोज व्हॅनपाशी येई. फार काळजीवाहू बाई.

"काळूकाका, सीट पुसल्यात ना?"

"पुसल्यात ताई. फिनेलच्या पान्याने."

"खिडक्या उघड्या ठेवा. आर्या, रुमाल काढायचा नाही हं."

ताई सीट बघे, दांडे बघे, कोण शिंकतं ते बघे. खाली मात्र तिची नजर कधी गेली नाही. मला सारखं वाटे, ताई, एकदा वाकून बघा. आज मी आहे, उद्या कोण असेल?

एका सकाळी धो धो पाऊस पडत होता. तुळिंजच्या वळणावर नाला काठोकाठ भरून वाहत होता. एक रिक्षा अचानक आडवी आली आणि काळूरामने ब्रेक दाबला. मी होता नव्हता तेवढा जोर लावून रस्ता धरला. माझे भाऊही कचरले नाहीत. नाल्याच्या अगदी कडेला येऊन व्हॅन थांबली. मुलं खिदळायला लागली, त्यांना गंमत वाटली. काळूराम मात्र पावसात खाली उतरला. त्याने माझ्यावर तळहात ठेवला. मग त्याने काचेतून रचनाकडे बघितलं.

वॉल्टरशेटचा ताप साधाच निघाला. दुकान उघडताच ते जॅक घेऊन आले. "चल काळूराम, टायर काढू. उद्या एका टेम्पोची पासिंग आहे."

"नाय शेट. काय घ्यायचं ते घ्या, पन ह्ये काढू नका."

"अरे, पास झाली ना तुझी गाडी?"

"गाडी पास झाली. पोरं रोज बसतात, त्यांचं काय?"

वॉल्टरशेट जॅक घेऊन परत गेले.

पुढे मी त्या व्हॅनला मनसोक्त धावलो. झिजलो, अगदी गोटा झालो. काळूरामने लगेच मला उतरवलं आणि नवे टायर बसवले. उतरताना मला वाईट वाटलं नाही. काम करून झिजलो होतो.

पण आता मी परत वॉल्टरशेटच्या दुकानाबाहेर पडून आहे. कालच एक अनोळखी गाडीवाला आला होता. त्याच्याही गाडीवर शाळेचं नाव होतं. त्याने मला पायाने उलटवलं आणि म्हणाला, "हा चालेल अजून थोडे दिवस." तेव्हापासून माझ्या जिवात जीव नाही. माझ्यात आता कुणाला धरून ठेवायचं बळ उरलेलं नाही, आणि नको म्हणायला मला तोंड नाही.

म्हणून मित्रांनो, एवढं करा. उद्या गाडीत चढण्यापूर्वी खाली वाकून चाकावरून हात फिरवा. हाताला नक्षी लागली नाही, तर समजा तिथे मी आहे. मग त्या गाडीत बसू नका.