पुनमचा सकाळचा तास

योगराजला शुगर निघाली आणि डॉक्टरांनी त्याला रोज पळायला सांगितलं, तेव्हा घरात एकमताने ठरलं की पुनमने पळावं.

यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. योगराजचं ठिबकच्या नळ्यांचं दुकान. दिवसभर उभं राहायचं, रात्री उशिरा जेवायचं, त्यामुळे पहाटे त्याला जाग येत नाही हे सगळ्यांना मान्य होतं. वटसावित्रीचा उपास बायको करते आणि आयुष्य नवऱ्याचं वाढतं, मग बायकोच्या पळण्याने शुगर का उतरू नये, असं कोणी तोंडाने बोललं नाही इतकंच. बोलताना सगळे म्हणाले, "तू सुरुवात कर, मग तोही येईल." शिरपूरकडच्या खेड्यातून आलेल्या सासूबाईंनी, भिकुबाईंनी, एकच शंका काढली. "पयाले जाय व माय, पन चहा कोन करी?" चहा पुनमने करून जावा असं ठरलं.

पहिल्या दिवशी पुनम खरंच पळाली. महाबळमधल्या त्यांच्या घरापासून मेहरूण तलाव फार लांब नाही, पण तिथवर पळत पोचणं अवघड, कारण जळगावची माणसं चांगली आहेत. कोपऱ्यावर दूधवाल्याने गाडी थांबवून विचारलं, "वहिनी, कोणी सिरियस आहे का?" पुढच्या चौकात शेजारचे शालिग्राम भाऊ स्कूटरवरून आले. बाईमाणूस पळतंय म्हणजे काहीतरी अडचण असणार, हे ओळखून ते म्हणाले, "बसा, सोडतो." व्यायाम करतेय म्हटल्यावर ते जरा विचारात पडले आणि म्हणाले, "मग व्यायाम तलावावर करा ना. तिथपर्यंत कशाला दमता?" मोठ्या माणसाचा शब्द कसा मोडायचा? ती बसली. आठवड्याभरात शालिग्राम भाऊ तिच्यासाठी कोपऱ्यावर थांबायला लागले.

आता स्कूटरवरून व्यायामाला उतरलेल्या माणसाला लगेच पळायला लाज वाटते. म्हणून पुनम तलावाकाठच्या बाकावर जरा टेकली. पिशवीत पाण्याच्या बाटलीशेजारी वाचनालयाचं पुस्तक होतं, परत करायचं राहिलेलं. तिने ते सहज उघडलं. मान वर केली तेव्हा ऊन बाकावर आलं होतं आणि तासाभरात तिला एकानेही हाक मारली नव्हती.

पुनमला वाचायचं वेड लहानपणापासूनचं. पण बाई हातात पुस्तक घेऊन बसली की घराला ती रिकामी दिसते. ती मेथी निवडत असली तर तिच्या वाटेला कोणी जात नाही, पान उलटलं रे उलटलं की योगराजचे मोजे हरवतात, दहावीतली हर्षाली "आई, तू काही करत नाहीयेस ना?" म्हणून येते आणि भिकुबाईंच्या पाठीला खाज सुटते. लग्नानंतर तिने कित्येक कादंबऱ्या निम्म्यापर्यंत वाचल्या होत्या. त्यांचे शेवट तिने भांडी घासताना स्वतःच ठरवून टाकले होते.

तलावावर मात्र तिला शेवट वाचायला मिळायला लागले. परत येताना ती गल्लीच्या तोंडाशी थोडी धावायची, म्हणजे घरात शिरताना श्वास लागलेला असायचा. यात तिला फसवाफसवी वाटली नाही असं नाही. वाटली, पण पुस्तक चांगलं असलं की माणूस पुष्कळ सहन करतो.

असं आठ महिने सुखाने चाललं. मग थंडीत कॉलनीच्या मंडळाने तलावावर महिलांची दौड ठेवली आणि योगराजने तिला न विचारता तिचं नाव दिलं. दुकानात नळी घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला तो सांगत सुटला, "आमच्या घरी रोजचंच आहे पळणं." त्या रविवारी भिकुबाई घरून प्लास्टिकची खुर्ची घेऊन आल्या. हर्षालीने मोबाइल सरसावला.

शिट्टी वाजली. पहिल्या वळणापर्यंत पुनम ठीक होती. दुसऱ्या वळणावर तिच्या बरगडीत कळ आली, तिसऱ्यावर तिला आपलं आजवरचं वाचन आठवलं आणि त्याचा काही उपयोग झाला नाही. ती शेवटून दुसरी आली. शेवटची बाई वाटेत माहेरची माणसं भेटली म्हणून बोलत थांबली होती.

"इतला दिन पयनी, आन इतलंच व्हयनं?" भिकुबाई म्हणाल्या आणि खुर्ची घडी होत नाही म्हणून तिच्यावरही चिडल्या.

दुपारी मंडळाचं भरीत-पुरीचं जेवण होतं.  चौथी पुरी संपल्यावर योगराजने हात झटकले आणि चारचौघांत जाहीर केलं, "यात तिची चूक नाही. एकटं माणूस ढिलं पडतं. उद्यापासून मी जाणार तिच्यासोबत." सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं. असा नवरा मिळायला भाग्य लागतं, असं बायका पुनमला सांगून गेल्या.

पुनम घरी आली, न्हाणीघरात गेली, नळ सोडला आणि रडली. दिवसभरात तिचा स्वतःचा म्हणावा असा तो एकच तास होता, आणि तो गेला. खरं सांगून टाकावं असंही तिच्या मनात आलं. पण सांगितलं असतं तर कोणी ओरडलं नसतं, हीच तर पंचाईत होती. सगळे म्हणाले असते, "मग घरीच वाच की. कोण नाही म्हणतंय?"

दुसऱ्या दिवशी योगराज नवे बूट घालून निघाला. आता दोघं मोटारसायकलवर जायला लागले. तलावावर त्याने हात गोल फिरवले, कमरेत वाकून पाहिलं, जमलं नाही तेव्हा बुटाची नाडी बांधल्यासारखं केलं, आणि दोघं पळायला लागले. योगराजला सतत बोलायची सवय होती. कोणत्या गिऱ्हाइकाने वाकडा सांधा परत आणला, ठिबक आणि तुषारमध्ये काय फरक, हे सांगता सांगता पहिल्याच वळणावर त्याचा श्वास संपला. पुनम पुढे निघून गेली. चक्कर पुरी करून ती बाकापाशी आली तेव्हा नवरा कुठे दिसत नव्हता. तिने पुस्तक काढलं. दोन पानं झाली आणि झाडांमागून तो उगवला, तशी ती पुस्तक पिशवीत टाकून पुन्हा पळू लागली.

हिशेब सरळ होता. जितकं जोरात पळावं तितकी पानं जास्त. पुढल्या आठवड्यात दोनाची चार झाली. मग तिने साडी सोडून पंजाबी ड्रेस घातला आणि तेवढ्या वेळात पुस्तकाचं अख्खं प्रकरण बसायला लागलं. ट्रॅकवरची कॉलेजची पोरं तिला वाट द्यायला लागली. योगराजची शुगरही उतरली. ती कोणाच्या पळण्याने उतरली यावर घरात दोन मतं होती.

होळीच्या सुमारास तिच्याकडे एक जाडजूड कादंबरी होती. त्या कादंबरीत बांगड्यांचं दुकान मोडून गेलेली एक बाई म्हातारपणी आपल्या हरवलेल्या बहिणीच्या दारात येऊन उभी राहते. दार उघडणार होतं. पुनमने झाडांकडे लक्ष ठेवायला हवं होतं, पण ती झाडं, तलाव, नवरा, सगळंच विसरली.

तिला आधी बूट दिसले. मग त्यांच्या वरचा योगराज. तो समोर उभा होता, घामाने निथळत, कमरेवर हात ठेवून. पुस्तक लपवायला वेळ नव्हता आणि लपवून काही उपयोगही नव्हता. 

योगराजने पुस्तकाकडे पाहिलं. ट्रॅककडे पाहिलं. पिशवीकडे पाहिलं. धंद्यातला माणूस, त्याला बेरीज करायला वेळ लागत नाही.

"पहिल्यापासूनच?" त्याने विचारलं.

"हो," ती म्हणाली. "मला वाचायचं असतं. घरी नाही वाचता येत."

 घरी वाच की, हे वाक्य आता येईल म्हणून ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. त्याने तोंड उघडलं, मिटलं, आणि बाहीने कपाळ पुसलं.

"किती राहिलं?"

"नऊ-दहा पानं."

त्याने तलावाच्या पलीकडच्या काठाकडे बघितलं, जिथून तो आत्ताच कसाबसा आला होता. त्याची पोटरी थरथरत होती.

"मग मी अजून एक चक्कर मारून येतो," तो म्हणाला. "सावकाश येतो."

आणि तो निघाला. एक हात पोटावर धरून, पाय ओढत, एकदाही मागे वळून न बघता. पुनमने पुस्तक पुन्हा उघडलं, पण तिला रडू येत होतं, त्यामुळे पुढचं पान दोनदा वाचावं लागलं.