सांत्वनाच्या दोन ओळी

“मॅडम, ही फाइल तुम्ही स्वतःच उघडलीत?” कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याने विचारलं.

“हो. एका बाईचा मेल होता. नवरा गेला, कराचे कागद कळत नाहीत म्हणून. मी सांत्वनाच्या दोन ओळी लिहिल्या. तिचं उत्तर आलं, तुमच्या शब्दांनी धीर आला, कागद जोडलेत.”

“बाईबिई कोणी नाही हो. कर भरून देणाऱ्या सगळ्यांनाच असले मेल येतात. फाइल उघडली, की क्लायंटची सगळी माहिती चोरांच्या घशात.”

तिला शिसारी आली. चोरीची नव्हे, त्या ‘धीर आला’ची. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे तिने पाहिले होते. या हलकटांनी तर मढंसुद्धा खोटंच आणलं होतं. तिने साबणाने हात धुतले, तरी कीबोर्डला बोट लावणं जिवावर आलं.

मग एकेकाला फोन करून सांगणं आलं. तुमची माहिती माझ्याकडून गेली, आधी बँकेला कळवा. कोणी तोंडसुख घेतलं, कोणी मुकाट्याने कागद परत नेले. महिन्याभरात निम्मं कपाट रिकामं झालं. उरलेलेही गेले असते तर ऑफिसला कुलूपच लागलं असतं.

हसले ते एकटे मास्तर. शाळेतून निवृत्त झालेले, तिचे अगदी पहिले क्लायंट.

“अहो, माझ्या पेन्शनवर डल्ला मारणारा चोरच रडत बसेल! माझे कागद तुमच्याकडेच राहू द्या.”

त्या एका वाक्यावर ती पुन्हा कामाला लागली.

काही दिवसांनी मास्तरांच्याच पत्त्यावरून मेल आला. ‘हे सोमवारी गेले. मला यातलं काही समजत नाही. कागद जोडले आहेत.’

“मेल्यांनो, आता माझ्या धडधाकट मास्तरांनाही मारायला निघालात?” ती एकटीच ओरडली. फोन करावासं वाटलं. पण चांगल्या जिवंत माणसाला विचारायचं तरी काय? तिने मेल पुसून टाकला. घाण काढल्यासारखं बरं वाटलं.

आठवड्याने मास्तरांच्या पत्नी दारात उभ्या होत्या. एकट्याच, हातात कागदांची पिशवी.

“मेल केला होता,” त्या म्हणाल्या. “उत्तर नाही आलं. म्हटलं, कामात असाल. ‘मी गेलो की आधी मॅडमना कळव,’ असं हे नेहमी सांगायचे.”

मेल मिळालाच नाही, असं म्हणून सुटता आलं असतं. पण तसं बोलायचं म्हटल्यावर तिला स्वतःचीच किळस आली.

“मिळाला होता,” ती म्हणाली. “खोटा समजून पुसून टाकला मी. वर शिव्याही दिल्या.”

त्यांनी समोरची खुर्ची ओढली.

“मनाला लावून घेऊ नका,” मग त्या बसत म्हणाल्या. “मलासुद्धा अजून खरं वाटत नाही.”

पिशवी मात्र त्यांनी टेबलावर ठेवली नाही. दोन्ही हातांनी मांडीवरच धरून ठेवली.