भाकणुकीचा ढोल

"ढोल वाजला की देव बोलतो, आन् देव बोलला की माणसानं 'का' इचारायचं न्हाई."

आमच्या वस्तीवर पोर चालायला लागलं की त्याच्या कानावर हे घालतात. आता ढोल वाजवणाऱ्या अंकिताच्याही घातलं होतं. मला कुणी सांगावं लागलं नाही, कारण तो ढोल मीच.

माणच्या माळावर, दहिवडीपासून बरंच आत, बिरोबाचं एक ठेंगणं देऊळ आहे. त्याच्या तुळईला मी टांगलेला असतो. माझं खोड आंब्याचं. मिरजेच्या एका कारागिरानं ते पोखरून मला घडवलं आणि मला वाजवणाऱ्या गुंडाच्या आजोबानं स्वतःच्या कळपातल्या बोकडाचं कातडं माझ्या दोन्ही तोंडांवर चढवून घेतलं. देवळामागचं गवत खाऊनच तो बोकड मोठा झाला होता. त्यामुळं लोक मला देवाचा ढोल म्हणत असले तरी निम्मा मी त्या माळाचा आहे.

माझं खरं काम वैशाखातल्या जत्रेत. त्या दिवशी वस्तीवरच्या बिराप्पाच्या अंगात देव येतो. खांद्यावर घोंगडी, हातात वेताची काठी, कपाळभर भंडारा, आणि तो पुढच्या सालाचं सांगतो. पाऊस कुठल्या अंगानं येईल, बाजरी भरेल का, मेंढरांवर रोग पडेल का. ह्याला आम्ही भाकणूक म्हणतो. त्याचं एक वाक्य पडलं की मी घुमतो, लोक भंडारा उधळतात आणि म्हणतात, "व्हय देवा!" मग पुढचं वाक्य.

वाक्यावाक्याला मी का घुमायचं? वडीलधारे सांगतात, देवाच्या शब्दाला मान म्हणून. पण तोंडावर घाव मी घेतो, त्यामुळं मला वेगळं ठाऊक आहे. मी घुमत असलो की दुसऱ्या कुणाचं काही ऐकू जात नाही.

एकदा अंजना, गुंडाची नवी नवरी, बायकांच्या घोळक्यातून उठून उभी राहिली होती. आदल्या सालची भाकणूक साफ खोटी ठरली होती, आणि तिच्या माहेरचा कळप चाऱ्यावाचून गेला होता. तिचे ओठ हलले. काहीतरी विचारत होती ती. मला वाजवत होता तिचाच नवरा. सासूनं पदर ओढून तिला खाली बसवलं. तिचा प्रश्न मी गिळला. त्याचा कण अजून माझ्या पोटात आहे.

ही अंजना म्हणजे अंकिताची आई.

मला वाजवायचा मान गुंडाच्या घराचा. दुसऱ्या कुणी काठी उचलायची नाही, असा नियम. बाईनं मला शिवायचं नाही, हाही नियम. दोन्ही नियम गुण्यागोविंदानं नांदत होते. मग मुंबईला हमाली करताना गुंडाचा उजवा हात गाडीच्या फाळक्याखाली सापडला आणि कोपरापासून निकामी झाला. त्याला मुलगा नाही. आहे ती अंकिता. बापाच्या मांडीवर बसून तिनं माझा प्रत्येक ठेका बोटांवर चढवलेला.

जत्रा तोंडावर आली तेव्हा पंचांना घाम फुटला. शेवटी नाथाजीअण्णांनी तोड काढली. सगळ्या पंचांत ते मोठे, त्यांच्या शब्दापुढं कुणाचा शब्द नाही.

"लगीन व्हईस्तवर पोरगी म्हंजे पोरच की रं! देवाला चालतंय."

"देवाला इचारलं कवा तुमी?" अंकिता म्हणाली.

"गप गं," गुंडा पुटपुटला.

असा एक नियम वाकला. वाकताना कडकडलासुद्धा नाही. त्या दिवसापासून मला एक कळलं, की म्हाताऱ्यांचे नियम वेताचे असतात. आपल्या पाठीवर पडताना कडक, त्यांच्या हातात मऊ.

अंकिता साताऱ्याला इतिहासात एम.ए. करते. सुट्टीला आली की मला खाली उतरवते, मला टेकून बसते आणि मोठ्यानं वाचते. ह्या वर्षी तिनं प्रबंधाला विषय घेतला होता जुन्या इस्राएलचे सुरुवातीचे संदेष्टे. जवळजवळ तीन हजार वर्षांपूर्वीची माणसं ती. देवाचं बोलणं माणसांना सांगणारी. सुरुवातीला मला वाटलं, आपला काय संबंध. पण बिराप्पा रोज तिथंच चातीवर लोकर कातत बसायचा. तो अंजनाचा भाऊ, अंकिताचा मामा. दोघांचं बोलणं असं चालायचं:

"मामा, हे ऐका. शमुवेल म्हणून एक द्रष्टा होता. एका माणसाची गाढवं हरवली, तर त्याचं पोरगं ह्याच्याकडं इचारायला गेलं."

"मग? घावली का गाढवं?"

"घावली. आन् त्या पोराला त्यानं देशाचा पहिला राजा केलं."

"आरं तिच्या! माझ्याकडं बी हरवलेलं मेंढरू इचाराया लय येत्यात. एक बी राजा निघाला न्हाई."

ती हसली आणि पुढं वाचत गेली. संदेष्ट्यांच्या टोळ्या असत. देवाच्या टेकडीवरून उतरताना पुढं डफ आणि बासरी वाजायची, आणि मागून येणाऱ्यांच्या अंगात यायचं. अलीशा नावाच्या संदेष्ट्याकडं तीन राजे सल्ला विचारायला आले, तेव्हा तो म्हणाला, आधी एक वाजवणारा आणा. वाद्य वाजलं, मगच त्याला देवाचा शब्द आला.

हे ऐकलं आणि माझं कातडं शहारलं. म्हणजे परदेशात, परक्या देवाच्या दारातसुद्धा, आमच्या जातीवाचून कुणाचं अडलं होतं!

माझं एक तोंड फाटलं होतं. अंजनाची एक शेळी साप चावून मेली, तिचं कातडं घेऊन अंकितानं मला एसटीत घातलं आणि थेट मिरज गाठली. ज्यांनी मला घडवलं त्यांच्याच घरातला जाफर आता वाद्यं मढवतो. दोऱ्या ओढता ओढता त्यानं अलीशाची गोष्ट ऐकली.

"आमच्यात त्यास्नी अल-यसा म्हणत्यात. नबी होते."

"तुमच्यात पण?" अंकिता चकित झाली.

"तुमच्यात-आमच्यात मागनं बघू. आधी कातडं धर नीट. सुटलं तर दोघांचं बी थोबाड फुटंल."

नवं कातडं घेऊन मी परत आलो. तेही त्याच माळावर चरलेलं.

आणि नेमकं तेव्हाच माळाचं बोलणं निघालं. देवळामागचा सगळा माळ सोलर कंपनीला द्यायचा, असं पंचांचं ठरलं होतं. कंपनी देवळाला सभामंडप बांधून देणार. कुंपणाचं काम नाथाजीअण्णांच्या मुलाला. ज्यांच्याकडं मेंढरं आहेत ती घरं मात्र अडून बसली, कारण कळप चारायला दुसरी जागाच नाही. अंजनाची मेंढरं तर बारा महिने तिथंच. अंकिताची फी, खोलीचं भाडं, पुस्तकं, सगळं त्या गवतातूनच उगवलेलं. ग्रामसभेत एकदा भांडण होऊन माणसं उठून गेली. दुसऱ्यांदा सभा घेण्यापेक्षा अण्णांना जवळची वाट सुचली.

जत्रेच्या आदल्या दिवशी दुपारी ते देवळात आले. बिराप्पा होता, अंकिता माझ्या दोऱ्या आवळत होती. लपवाछपवी करायची त्यांना गरजच वाटली नाही. वडीलधाऱ्यांना ती कधी वाटत नाही.

"बिराप्पा, पाऊसपाणी सांगून झालं की म्हणायचं, माळावर आरसं येतील, आरशात ऊन साठंल, जो आडवा येईल त्याची मेंढरं गळतील. ध्यानात ऱ्हाईल न्हवं?"

बिराप्पानं चातीवरचा धागा बोटाला गुंडाळला आणि परत सोडला.

"आन् पोरी, एवढं वाक्य पडलं की लगीच ढोल घुमव. दम घेऊ नगंस. कुणाला तोंड उघडाया सवड द्याची न्हाई."

इतकी वर्षं जे मी मनात ठेवलं होतं, ते अण्णा असं सरळ बोलून गेले. आणि भंडाऱ्याची चिमूट कपाळाला लावून, पाया पडून निघूनही गेले.

अंकितानं पुस्तक उघडलं नाही. पाठच होतं तिला.

"मामा, अहाब नावाचा राजा होता. त्याला लढाईला जायचं होतं. त्यानं चारशे संदेष्टे गोळा केले. सगळे त्याच्या जिवावर जगणारे. सगळे म्हणाले, जा, तूच जिंकणार. एकजण तर लोखंडाची शिंगं करून आला, म्हणाला, ह्यांनी वैऱ्याला हाणशील. मग त्या चारशेंत नसलेल्या मीखाया नावाच्या संदेष्ट्याला बोलावलं. बोलवायला गेलेला माणूस वाटेत त्याला म्हणाला, बाबा, सगळ्यांनी ग्वाड सांगितलंय, तू बी ग्वाडच सांग."

"सांगितलं?"

"न्हाई. देव जे म्हणंल तेच बोलीन म्हणाला. राजाला तोंडावर सांगितलं, गेलास तर मरशील."

"मग त्या मीखायाचं काय केलं?"

"जेलात घातलं. भाकरीचा तुकडा आन् पाणी."

"म्हंजे आपलं रोजचंच," बिराप्पा हसला. मग हसणं विझलं. "माझ्या पोराला कंपनीत वॉचमन लावतो म्हणालाय गं अण्णा. मेंढरं माझी बी त्याच माळावर हायती. काय करू? पोटाला बी दोन तोंडं असत्यात, तुझ्या ढोलावानी."

अंकिता चिडली नाही, ह्याचं मला नवल वाटलं. एरवी ती काडीसारखी पेटते. ती म्हणाली, "मामा, तुमच्या अंगात देव येतो का न्हाई, ते मला ठावं न्हाई. लहान हुते तवा मानायची, कॉलेजात गेल्यावर हसायची. पर ह्या लोकांचं वाचल्यापासनं एक कळलंय. अंगात सगळ्यांच्याच येत हुतं, त्या चारशेंच्या बी. फरक एवढाच हुता की ते कुणाचं खाऊन बोलत हुते."

बिराप्पा उठून मेंढरांकडं गेला. चाती तिथंच राहिली.

आज जत्रा. देवळापुढं पाय ठेवायला जागा नाही. गजी नाचून पोरं घामाघूम झाली आहेत, भंडाऱ्यानं हवा पिवळी झाली आहे. मधोमध बिराप्पा, समोर ओळीनं पंच. अंकिताच्या गळ्यात मी.

भाकणूक सुरू झाली.

"पाऊस दखनेच्या अंगानं ईल!"

मी घुमलो. व्हय देवा!

"बाजरी गुडघ्याला लागंल!"

मी घुमलो. व्हय देवा!

मग बिराप्पा थांबला. काठी एका हातातून दुसऱ्या हातात गेली.

"माळावर आरसं येतील... आरशात ऊन साठंल... जो आडवा येईल, त्याची मेंढरं... मेंढरं गळतील!"

अंकिताची काठी वर गेली. मी कातडं ताणून घाव घ्यायला तयार झालो. काठी आलीच नाही. तिनं दुसऱ्या हाताचा तळवा माझ्या तोंडावर पसरला आणि दाबून धरला. माझ्यात जी थरथर उरली होती तीही थांबली.

अशी शांतता ह्या देवळापुढं मी कधी ऐकली नव्हती.

"वाजव की!" नाथाजीअण्णा ओरडले.

"आधी मामानं सांगावं. हे कोण बोललं? देव का अण्णा?"

"देवाला उलट इचारतीस? घराचं वाटुळं व्हईल!"

"आवं अण्णा, देवाला कुठं इचारलं? मामाला इचारलं. आन् काल दुपारी हीच भाकणूक तुमी हितंच बसून सांगितली. माझ्याम्होरं. देवानं तुमच्याकडनं पाठ करून घेतली व्हय?"

मागं कुणीतरी फिसकन हसलं.

अण्णा गुंडाकडं वळले. "गुंडा, आवर तिला! काढ ढोल गळ्यातनं!"

गुंडानं आपल्या लुळ्या हाताकडं पाहिलं. मग लेकीकडं. "ढोल तिचा हाय अण्णा. तुमीच दिलाय."

तेव्हा बायकांच्या घोळक्यातून अंजना उठली. सासू आता नाही, पदर कुणी ओढला नाही.

"माळ दिला तर मेंढरं कुठं चारायची?"

सगळ्यांना ऐकू गेलं. अगदी साधा प्रश्न. कदाचित त्या सालीही तिनं मेंढरं कुठं चारायची, एवढंच विचारलं असेल. ऐकू मीच येऊ दिलं नव्हतं.

सगळ्यांच्या नजरा बिराप्पाकडं वळल्या. त्यानं काठी जमिनीवर ठेवली. खांद्यावरची घोंगडी काढून तिची घडी घातली, सावकाश, घरी घालतात तशी. आणि तो खाली बसला, लोकांमध्ये. आता तो नुसता बिराप्पा होता, त्याच माळावर मेंढरं राखणारा.

"वाजव," अण्णा परत म्हणाले. आवाज आता खाली आला होता. "पोरी, रीत हाय. भाकणूक अर्धी सोडत न्हाईत. वाजव."

"न्हाई वाजवणार."

अण्णांनी डावीकडच्या पंचाकडं पाहिलं. त्यानं पागोटं सारखं केलं. उजवीकडचा भंडाऱ्याच्या ताटात बोट फिरवत राहिला. देवळामागून, माळावरून, एका कोकराचं ओरडणं तेवढं आलं.

अंकिताचा तळवा अजून माझ्यावर आहे. घामानं ओला. आयुष्यभर मी ओरडत आलो आणि लोक मला देवाचा आवाज म्हणत आले. पोरी, आज पहिल्यांदा गप्प राहायला मिळतंय. इतक्यात हात काढू नकोस.