तोंडासमोरचा पुठ्ठा

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायच्या नाहीतर फेकायच्या त्या खेळात, संघ जिंकला की मुख्य कोच थोर असतो आणि हरला की चढाईचा कोच नालायक असतो. नेब्रास्कात हे शाळेत शिकवत नाहीत, मुलं घरूनच शिकून येतात. लायल कोसेकने तर या नियमावर अर्धा जन्म काढला होता. चढाईचा कोच म्हणून त्याने इतक्या कॉलेजांच्या टोप्या घातल्या आणि उतरवल्या होत्या, की गॅरेजात टोप्यांचं एक बरं दुकान निघालं असतं.

नवल एवढंच, की प्रत्येक हकालपट्टीनंतर फार दिवस जायच्या आत त्याला दुसरी नोकरी मिळे, तीही आसपासच्याच कॉलेजात. काढणारे शिव्या देत, घेणारे म्हणत, "तुमच्याबद्दल सगळे फार चांगलं बोलतात." हे सगळे म्हणजे कोण, हे कोसेकने कधी विचारलं नाही. स्तुतीची चौकशी करू नये, एवढं व्यवहारज्ञान त्याला होतं.

प्लम व्हॅली स्टेट कॉलेजात मात्र गाडी अडली. हंगामाचा शेवटचा सामना उरला होता, नॉर्थ फोर्कविरुद्ध. मुख्य कोच बक हॅलोरनने त्याला कॉलेजच्या खानावळीत गाठलं. त्या दिवशी चिली, म्हणजे राजमा-खिम्याचं तिखट कालवण, आणि दालचिनीचा गोड रोल होता. हॅलोरनने रोल चिलीत बुडवला.

"लायल, शनिवारी हरलो तर माजी विद्यार्थी माझं डोकं मागणार."

"मग?"

"मग मी त्यांना तुझं देणार. मनाला लावून घेऊ नकोस हं."

"छे छे. रीतच आहे."

घरी रीत वेगळी होती. त्याच्या बायकोने, रोंडाने, आजवर प्रत्येक गावात तक्रार न करता बिऱ्हाड मांडलं होतं आणि मोडलं होतं. या वेळी ती म्हणाली, "काढलं तर तू जा. अधूनमधून फोन कर. मी इथून हलणार नाही." हे बोलताना ती खिडकीच्या चौकटीला रंग देत होती. भाड्याच्या घराच्या खिडकीला ती कधी रंग देत नसे. हे घर त्यांनी विकत घेतलं होतं. तेही पहिल्यांदाच.

कोसेक अभ्यासाला बसला. जुन्या सामन्यांचं चित्रीकरण पाहताना त्याला एक गोष्ट खटकू लागली. आपल्या मुलांनी चेंडू फेकायचा असला, की समोरचे आधीच मागे सरकून आभाळाकडे बघत असत. चेंडू घेऊन पळायचं असलं, की पुढे येऊन भिंत बांधत. फेक की पळ, हेच तर समोरच्याला कळू द्यायचं नसतं. चढाईच्या कोचला पगार मिळतो तो त्याचाच.

म्हणजे कोणीतरी फितूर होतं.

आधी संशय हातांच्या खुणांवर गेला. त्याने सगळ्या खुणा बदलल्या. दोन दिवस त्याचीच मुलं एकमेकांवर आपटत होती. मग चेंडू फेकणारा टेव्हियन बून नजरेत भरला. हा पोरगा बोटं चाटत असे.

"फेकायच्या आधी चाटतोस ना रे?"

"कोच, मी पळायच्या आधीही चाटतो. हॉट डॉग खाऊनही चाटतो. तुम्हाला दाखवू?"

"नको."

शुक्रवारी दुपारी त्याने स्वयंपाकघराच्या टेबलावर दोन वर्षांपूर्वीचा सामना लावला. रोंडा बटाटे सोलत होती. तिने मान वर केली.

"फेक," ती म्हणाली.

चेंडू फेकला गेला.

"पळ... पुन्हा पळ... आता फेक."

कोसेकने चित्र थांबवलं. "हा सामना तू पाहिलायस."

"कुठला? मी तेव्हा ओमाहाला होते, माझ्या भाचीच्या, ग्लेनाच्या लग्नात. तू आला नाहीस, ते अजून काढतात तिकडे."

"मग तुला कळतं कसं?"

"अरे, तू दिसतोयस ना पडद्यावर. पुठ्ठा तोंडासमोर धरलास की फेक. नाही धरलास की पळ."

आपले डाव लिहिलेला तो मोठा पुठ्ठा सगळेच कोच बोलताना ओठांसमोर धरतात, समोरच्यांनी ओठ वाचू नयेत म्हणून. कोसेकही धरत असे. पण त्याच्या मते गुपित ते फक्त फेकीत. चार दांडगट पुढे घालून मधून पळायचं, त्यात लपवायचं काय? त्यासाठी उगाच हात कोण उचलणार?

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"तू वायोमिंगला नोकरीत होतास, तेव्हापासून. पुठ्ठा वर गेला की मी बसून राहते, खाली असला की नाचोज आणायला जाते. माझी एक फेक चुकलेली नाही आजवर."

"आणि सांगितलं नाहीस?"

"मला वाटलं नियमच असेल तसा. तुमच्या खेळात नियमांना काय तोटा? आणि मागे एकदा काही सुचवायला गेले, तर म्हणालास, 'रोंडा, हे तंत्र आहे.' म्हटलं, असेल बाबा तंत्र."

शनिवारी थंडीने नाकं लाल झाली होती. समोर नॉर्थ फोर्कच्या बचावाचा कोच मर्ल पेटिग्रू उभा होता, कोसेकचा जुना दोस्त. पहिल्याच डावाला कोसेकने पुठ्ठा खाली ठेवला आणि उघड्या तोंडाने फेक सांगितली. कुलूप न लावता गावाला निघाल्यासारखं वाटलं त्याला.

"पळणार! पुढे व्हा!" पेटिग्रू ओरडला.

त्याची पोरं पुढे धावली आणि चेंडू त्यांच्या डोक्यांवरून आरामात निघून गेला.

"लायल, तोंड झाक!" हॅलोरन किंचाळला. "सगळं दिसतंय!"

"दिसू दे, कोच."

मग पळायच्या वेळी त्याने पुठ्ठा नाकापर्यंत चढवला. नॉर्थ फोर्कवाले मागे सरकून आभाळाकडे बघत बसले आणि प्लम व्हॅलीची पोरं त्यांच्या पायांखालून निघून गेली. मध्यंतरापर्यंत पेटिग्रूने उलटा हिशोब ओळखला, तेव्हा कोसेक प्रत्येक डावाला तोंड झाकू लागला. आता पेटिग्रूला काही कळेना. कोसेकलाही समोरचे काय करतील ते कळेना. सामना इतका चुरशीचा असतो हे त्याला ठाऊकच नव्हतं. डाव सांगून झाला की तोही प्रेक्षकांसारखा टाचा उंचावून बघू लागला. शेवटची फेक बूनच्या हातून निघाली आणि प्लम व्हॅली कशीबशी जिंकली.

हात मिळवायला आलेल्या पेटिग्रूने त्याचा हात सोडलाच नाही.

"कोणी फोडलं?"

"बायकोने. तिला वायोमिंगपासून माहीत होतं."

"आम्हाला त्याच्या आधीपासून."

"आम्हाला म्हणजे?"

"बचावाच्या सगळ्या कोचांना. तुला कुठून काढलं की आमची फोनाफोनी सुरू व्हायची. हा माणूस लांब जाता कामा नये! शिफारशी काय आभाळातून पडायच्या?"

कोसेकने टोपी काढून पुन्हा घातली. मग त्याने विचारलं, "चांगलं बोलायचात?"

"मनापासून. मी तर एकदा भावुक झालो होतो." पेटिग्रूने हात सोडला. "आता नाही बोलता येणार, राजा. आता तू कोच झालास."

तेवढ्यात हॅलोरन कोसेकच्या गळ्यात पडला आणि पुढच्या वर्षीच्या गोष्टी करू लागला. पलीकडे वार्ताहर आपल्या कल्पकतेबद्दल विचारतायत हे दिसताच तो तसाच गळा सोडून तिकडे गेला.

रोंडा मोटारतळावर हात चोळत उभी होती.

"राहतोय का आपण?"

"राहतोय. दुसरं कोणी घेणारही नाही आता."

"आणि मर्ल एवढा वेळ काय सांगत होता?"

कोसेकने गाडीचं दार उघडलं. "जाताना मागे वळून म्हणाला, त्याला एक मदतनीस हवाय. तुला विचारलंय, येशील का."

"नाही म्हणावं," रोंडा आत बसत म्हणाली. "मी इथून हलणार नाही."