काचेवरच्या दोन खुणा

या, असे जवळ या. दारात उभं राहून गोष्ट ऐकली की अर्धी बाहेर सांडते. बसलात ऐसपैस? मग एक गोष्ट सांगतो. हाणामारीची नाही, राजाराणीची नाही. एका बाईने गाडीचं लायसन्स कसं काढलं, एवढीच. पण उठाल तेव्हा मन हलकं झालेलं असेल, हे नक्की.

त्या बाईला सगळी आळी टाकेताई म्हणायची. वय अठ्ठावन्न. चाळीस वर्षं पायाखाली शिलाई मशीन, गळ्यात मापाची फीत आणि कानामागे शिवणाचा खडू. दुसऱ्या बायका कानामागे फूल खोचतात, ही खडू. नवरा ड्रायव्हरकाका. मालाची गाडी चालवण्यात त्याचं आयुष्य गेलं, आणि निवृत्त झाल्यावर त्याने एक जुनी छोटी मोटार घेतली ती फक्त रविवारसाठी.

कारण रविवारी थोरल्या दादांकडे जायचं असे. काकाचे हे मोठे भाऊ दोन तासांवरच्या वृद्धाश्रमात होते. दादांना आता कुणाचं नाव आठवत नव्हतं, स्वतःचंही नाही. पण लहानपणी त्यांची आई देवाचं एक गाणं म्हणायची. काका खाटेशेजारी बसून त्याची पहिली ओळ म्हणायचा, आणि दादा डोळे मिटून दुसरी उचलायचे. न चुकता, सुरात! सगळं विसरलेल्या माणसाच्या आत देव एवढी एक खोली उघडी ठेवतो, बघा.

आणि काकाचे डोळे गेले. पूर्ण नाही. कडेचं दिसे, मधलं पुसट. तो म्हणे, "ज्याच्याकडे बघावं तेच सोडून बाकी सगळं दिसतं." एकदा रस्त्याकडेच्या टपालपेटीला लहान पोर समजून त्याने करकचून ब्रेक मारला, हात हलवून "जा बाळ, ओलांड" म्हणाला आणि वाट बघत बसला. मागच्या गाड्यांनी भोंग्यांचा कल्लोळ केला. घरी येऊन त्याने किल्ली खिळ्याला टांगली, ती टांगलीच.

रविवारी तिकडे बस नव्हती. शेजाऱ्यांनी एकदा नेलं, दुसऱ्यांदा सांगायला काकाची जीभ रेटेना. पाच रविवार हुकले तेव्हा आश्रमातल्या नर्सबाईंचा फोन आला. "काका, फार दिवस जाऊ देऊ नका. परवा मीच पहिली ओळ म्हटली, तर दादा माझ्याकडे नुसते बघत राहिले."

काकाने फोन ठेवला. टाकेताईने दातांनी दोरा तोडला आणि म्हणाली, "अहो, ती खिळ्यावरची किल्ली द्या इकडे."

"तू?"

"मी. का, माझ्या डोळ्यांना काय झालंय? अजून सुईत दोरा ओवते."

मोटर स्कूलचा मास्तर रस्त्यावरचं शिकवी. पहिल्या दिवशी त्याने दोन्ही हातांनी सीट घट्ट धरली. ताईच्या पायाला मशीनचा पायडल ठाऊक, टाच-चवडा, टाच-चवडा. ॲक्सिलरेटरवरही पाय तसाच चालला. गाडी उचक्या देत निघाली.

"ताई, पाय स्थिर ठेवा!"

"स्थिर ठेवला तर चालणार कशी ती?"

"ताई, ही गाडी आहे, हिला तुरपाई करायची नाही!"

पंधरा दिवसांत पाय स्थिरावला, पण खरा घोळ वेगळाच होता. परीक्षेत चार काठ्यांमधल्या जागेत गाडी उलटी घालायची असते. दोनदा परीक्षा दिली, दोन्ही वेळा डाव्या काठीने लोळण घेतली. आता शिकाऊ परवान्याचे वीस दिवस उरले होते. तिसऱ्यांदा जमलं नाही तर सगळं पहिल्यापासून, म्हणजे दादांचे आणखी किती रविवार, ते देवच जाणे.

घरामागे बंद गोदामाचं मोकळं आवार होतं, गाडी तिथेच उभी असे. काकाने तिथे चार बांबू रोवले आणि रोज सकाळी तो शेजारच्या सीटवर बसून शिकवू लागला. दिसत नव्हतं, तरी ऐकू येत होतं. "क्लच घाईत सोडलास. इंजिन कण्हतंय, ऐक." किंवा, "चाक अजून वळलेलंच आहे, रेती चिरडल्याचा आवाज येतोय. सरळ कर. आणि गोंधळलीस की आधी थांब. थांबलेल्या गाडीने अजून कुणाला धडक दिलेली नाही."

पण ताईला काठी आणि चाक यांचं गणित काही जुळेना. मग एक दिवस काका आत चहा टाकायला गेला असताना तिने कानामागचा खडू काढला आणि मागच्या काचेवर आतून दोन बारीक खुणा केल्या. डावी काठी पहिल्या खुणेवर आली की स्टिअरिंग पूर्ण फिरवायचं, उजवी दुसरीवर आली की सरळ. गाडी अशी आत गेली की जणू उशी अभ्र्यात शिरली.

"अगं!" काका ओरडला. "एकही बांबू वाजला नाही!"

खुणांचं तिने त्याला सांगितलं नाही. काकाचा स्वभाव तिला ठाऊक होता. खुणा लावून गाडी चालवणाऱ्यांना तो ड्रायव्हर म्हणतच नसे. तिने मनाशी म्हटलं, लायसन्स हातात पडू दे, मग सांगू. आठ दिवस गाडी बिनचूक आत गेली आणि आठ दिवस काका आळीभर मिशीत हसत फिरला.

परीक्षेच्या दिवशी तिला घेऊन जायला मास्तर आला, तेव्हा गाडी नवरीसारखी उभी होती. काकाने पहाटे उठून टायरपासून टपापर्यंत सगळं घासलं होतं. चाळीस वर्षं महत्त्वाच्या फेरीआधी त्याने गाडी अशीच धुतली होती. "मळक्या गाडीने परीक्षेला जायचं म्हणजे काय! नीघ आता. मी येत नाही, मी असलो तर काठ्या सोडून तू माझ्याकडेच बघशील."

मैदानावर साध्या कपड्यातल्या परीक्षक बाई शेजारी येऊन बसल्या. "तिसरी वेळ ना, ताई? काठ्यांशी ओळख झाली असेल."

"घरोबाच झालाय, बाई."

चढ झाला, वळण झालं. मग काठ्या. ताईने गाडी रिव्हर्समध्ये टाकली आणि मान वळवली. मागची काच लख्ख. आतून बाहेरून लख्ख. खडूचा कणसुद्धा नाही.

क्षणभर तिला नवऱ्याचा असा राग आला, असा राग आला! आणि पुढच्याच क्षणी तो पहाटे ओला फडका घेऊन, न दिसणारी काच हाताने चाचपत पुसताना तिच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. मग कसला राग टिकतो? नुसतं पाणी आलं डोळ्यांत.

आधी थांब. तिने ब्रेक दाबला.

थांबून तिने मागे नीट बघितलं. चार काठ्या आणि मधली जागा. जागा लहान, गाडी मोठी. आणि एकदम तिला वाटलं, हे तर बाही बसवणं आहे! बाही नेहमी मुंढ्यापेक्षा, म्हणजे ती जिथे जोडायची त्या खांद्याच्या भोकापेक्षा, मोठीच असते. नवशिकी पोरगी ती ओढून बसवायला जाते आणि चुणी पडते. जुना हात ओढत नाही. थोडं थोडं कापड पुरवतो, सुई खाली ठेवून थांबतो, बघतो, पुन्हा पुरवतो. इस्त्रीखाली खडूची खूण उडून गेली म्हणून कधी तिची बाही अडली होती?

तिने क्लच केसभर सोडला. थांबली. चाक वळवलं. पुन्हा केसभर.

"ताई, जरा लवकर," परीक्षक बाई घड्याळ बघत म्हणाल्या.

"बसतेय, बाई. बसू द्या तिला."

गाडी बसली. काठ्या चारही उभ्या. परीक्षक बाईंनी खाली उतरून दोन्ही बाजूंची अंतरं बघितली, कागदावर शिक्का उमटवला आणि म्हणाल्या, "रस्त्यावर मात्र एवढं सावकाश नको हं, लोक शिव्या देतील." पलीकडे मास्तर दोन्ही हात आभाळाकडे करून उभा होता.

घरी आली तेव्हा काका गोदामाच्या आवारात बांबूंपाशी, उलट्या बादलीवर बसला होता. मांडीवर वाळलेला फडका. निकाल विचारायचं सोडून तो म्हणाला, "मागच्या काचेवर काही होतं का गं?"

ताईने लायसन्सचा कागद त्याच्या हातात दिला. "काच लख्ख होती. इतकी लख्ख की सरळ आत गेले."

"खोटं बोलू नकोस. दुपारी फडका झटकला तर हाताला खडू लागला. चाळीस वर्षं माझ्या सदऱ्यांवर तोच लागतोय, मला कळणार नाही होय? तेव्हापासून इथेच बसलोय. देवाला म्हटलं, माझ्या हाताने पुसलं, आता तूच तिला दाखव." मग हातातला कागद चाचपत त्याने हळूच विचारलं, "म्हणजे... पास?"

"पास. आणि काय हो, मी खुणा लावते म्हणून ड्रायव्हर नाही ना मी?"

"लाव. सगळी गाडी खडूने रंगव. बोलणाऱ्याची जीभ झडो."

त्या रविवारी दोन तासांची वाट त्यांना तीन तास पुरली. मागून भोंगे वाजत होते, काका खिडकीतून हात काढून सगळ्यांना पुढे जायची खूण करत होता. दादा खिडकीपाशी बसले होते. काकाने शेजारी बसून पहिली ओळ म्हटली. दादा खिडकीबाहेरच बघत राहिले. ताईने पदर मुठीत धरला. काकाने तीच ओळ पुन्हा म्हटली, सावकाश. दादांनी डोळे मिटले आणि दुसरी ओळ उचलली.

तर मंडळी, आता उठा, पण जाताना एवढं करा. तुमच्या पुढे एखादी गाडी मुंगीच्या पावलांनी चालली असेल, आणि चालवणाऱ्या बाईशेजारी एक म्हातारा मान कलती करून इंजिनाचा आवाज ऐकत बसला असेल, तर भोंगा वाजवू नका. ज्याने तुमच्याही शेजारी बसून तुम्हाला काहीतरी शिकवलं आणि मग आपली किल्ली तुमच्या हातात दिली, त्या माणसाची तेवढी आठवण करा.