अवनीच्या भोंडल्याची खिरापत

अवनीला एकदा तरी खरंखुरं हरायचं होतं, आणि धायरीच्या त्या इमारतीत तिला हरवायला कोणी माईचा लाल तयार नव्हता.

इमारत म्हणजे, ज्या मुलांच्या आजारापुढे औषधांनी हात टेकलेत त्यांचं घर. तिथे दुखणं कमी करतात आणि लाड फार करतात. डॉक्टर नीरजा कॅरम खेळताना क्वीन भोकाच्या तोंडाशी नेऊन ठेवायच्या आणि म्हणायच्या, "अगंबाई, चुकलंच की." विश्वस्त श्रीनिवासराव तरुणपणी बुद्धिबळात नावाजलेले म्हणे, ते आपला वजीर या नऊ वर्षांच्या पोरीच्या घोड्यापुढे नेऊन बांधायचे. असं हरायलाही लाज गुंडाळून ठेवावी लागते.

नर्स फरहत तेवढी निराळी, असं अवनीचं मत. फरहतचा जन्म शनिवार पेठेतला, वाढली तिथेच, त्यामुळे गोड बोलायची जिभेला सवय नव्हती. सुई टोचताना बाकीच्या म्हणायच्या, "मुंगी चावेल हं." ही म्हणायची, "दुखणार आहे. ओरडायचं तर ओरड, हात हलवू नकोस."

"सिस्टर, नवरात्रात मी भोंडला करणार," अवनीनं जाहीर केलं. "खिरापत कोणी मुद्दाम चुकीची ओळखायची नाही. शब्द द्या."

"माझा देते. बाकीच्यांची हमी घ्यायला मी काय विमा कंपनी आहे?"

भोंडल्याची रीत सगळ्यांना ठाऊक. गाणी झाली की डब्यात झाकलेला खाऊ कोणता ते पाहुण्यांनी ओळखायचं. कोणालाच नाही आलं तर भोंडला करणारी जिंकली. फरहतनं एकेकाला गाठून बजावलं, की या खेपेला खरं खेळा. सगळ्यांनी माना डोलावल्या. माना डोलवायला काय जातंय!

भोंडल्याच्या दिवशी हत्ती काढलेला पाट मांडीवर घेऊन अवनी व्हीलचेअरमध्ये मधोमध बसली. भोवती डॉक्टर, अवनीची आई भाग्यश्री, फरहत आणि श्रीनिवासराव फेर धरून फिरले. श्रीनिवासराव गाणं एका पट्टीत आणि पावलं दुसऱ्याच तालात टाकत होते.

गाणी संपता संपता हॉलच्या खिडकीतून वास आला. आला म्हणजे काय, घुसलाच. स्वयंपाकाच्या हेमाताई खिडकीला लागूनच शेगडी मांडून बसल्या होत्या, आणि लसूण-मिरचीच्या खकाण्यानं सगळ्यांचे डोळे चुरचुरत होते. शेगडी तिथे मांडायला अवनीनंच सांगितलं होतं. फरहतला शंका आली. ही कार्टी खिरापत लपवत नव्हती, माणसं तपासत होती.

"करंज्या?" डॉक्टरांनी खोकत खोकत विचारलं.

"नाही."

"साखरफुटाणे?" श्रीनिवासराव रुमालानं डोळे टिपत होते.

"नाही," अवनी म्हणाली. तिचं तोंड एवढंसं झालं होतं.

"श्रीखंड," आई म्हणाली, आणि पुढचा घाणा तेलात पडल्याचा आवाज हॉलभर ऐकू आला.

मग फरहतची पाळी. पलीकडून डॉक्टर डोळ्यांनी दटावत होत्या, खबरदार. फरहतचाही जीव कासावीस झाला. पोरीला चार दिवस धड गिळता येत नव्हतं. तिला हरवून आपण असा कोणता तीर मारणार? लाडू म्हणावं आणि मोकळं व्हावं. पण शब्द दिला होता.

"बटाटेवडे," फरहत म्हणाली. "आणि तेल कालचं आहे."

"परवाचं," खिडकीतून हेमाताई म्हणाल्या.

श्रीनिवासरावांनी फरहतकडे असं पाहिलं, जणू तिनं देवाचा नैवेद्य उष्टा केला होता.

"हरले मी," अवनी म्हणाली, आणि इतकी हसली की तिला धाप लागली. दम खाऊन तिनं फरहतला जवळ बोलावलं. "आता तुम्हालाच विचारते. मी दिवाळीला असेन?"

डॉक्टरांना एकदम हत्तीची सोंड नीट बघावीशी वाटली. फरहतनं भाग्यश्रीकडे पाहिलं. भाग्यश्रीनं डोळे मिटले, लेकीच्या खांद्यावर हात ठेवला आणि मान हलवली, सांगा.

फरहत गुडघ्यांवर बसली. या पोरीवर तिचा जीव होता, आणि आज पहिल्यांदा तिला खोटं बोलता आलं असतं तर बरं, असं वाटलं.

"नक्की कोणालाच सांगता येत नाही. पण मला नाही वाटत, बाळा."

अवनीनं खांद्यावरचा आईचा हात धरला.

"मलाही नाही वाटत," ती म्हणाली. "मग दिवाळीचा किल्ला उद्याच करायला घेऊ. आई, माती आण. आणि मावळेसुद्धा." मग तिनं डॉक्टर आणि श्रीनिवासरावांकडे वळून पाहिलं. "तुम्ही बघायला या, पण नंबर द्यायचा नाही. नंबर फरहत सिस्टर देतील."

"बुरूज वाकडा झाला तर वाकडा म्हणेन हो मी," फरहत ओढणीनं डोळे पुसत म्हणाली.

"म्हणून तर तुम्हाला घेतलं," अवनी म्हणाली, आणि तिनं हेमाताईंना वडे आणायला सांगितले.