चाकाचा पंचम

शनिवारी दुपारी अवंतिका सायकल ढकलत अंगणात आली. मागचं चाक तव्यावरच्या पापडासारखं वळवळत होतं.

"आई, पडावच्या पुलाजवळ गड्ढ्यात गेले. बघा ना, कसं लहरा रहा है!"

अवंतिका माझी सून. बँकेत नोकरी करते. बेचाळिसाव्या वर्षी सायकल शिकली, आणि तीन महिने पहाटे उठून सराव केला तो रविवारच्या महिलांच्या सायकल फेरीसाठी. फूलबागेतून तिघऱ्याच्या धरणापर्यंत जाऊन परत यायचं. सहाला सुरुवात.

"दौलतसिंहांकडे दाखवलंस?"

"दुकान बंद. भतीजी की शादी. सोमवारी उघडणार. दुसरे म्हणाले, गियरवाली नहीं करते."

तेवढ्यात भोपाळहून शंतनुचा फोन आला. हा माझा मुलगा. सगळं ऐकून म्हणाला, "मग पुढच्या वर्षी जा." अवंतिका "हो" म्हणाली आणि फोन ठेवला. तिने भांडायला हवं होतं. ती नुसती "हो" म्हणाली, हे मला सहन झालं नाही.

"उलटी कर सायकल," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"सीट आणि हँडल जमिनीवर, चाकं वर. आणि शंतनुच्या जुन्या कंपासपेटीत खडू असेल, तो आण."

माझे वडील गाण्याच्या शिकवण्या करत. शिंदे की छावनीतून सराफ्यापर्यंत घरोघरी सायकलने जायचे, आणि वाटेतल्या फरशांनी महिन्याकाठी चाक वाकडं व्हायचंच. मग रविवारी उन्हात सायकल उलटी करून ते चाकाची आउट, म्हणजे वाकडेपणा, काढत. खडू धरण्याचं काम माझं. हात चौकटीवर घट्ट टेकायचा, खडूचं टोक रिमच्या अगदी जवळ न्यायचं आणि चाक फिरवायचं. जिथे रिम बाहेर आली असेल तिथे खडू उमटतो. त्या बाजूचे आरे किंचित ढिले करायचे, समोरच्या बाजूचे किंचित आवळायचे. "पाव फेरा, सीमे. अर्धा नाही," हे अजून कानात आहे. खडू पुसून जायचा आणि मी रडायचे, कारण मला त्या रेघा आवडत.

अवंतिकाच्या सीटखालच्या पिशवीत आरे आवळायची चिमुकली चावी निघाली. तिने ती कधी वापरली नव्हती. मी खडू धरला, तिने चावी.

"इथे उमटला. डावीकडचा ढिला कर. पाव फेरा."

"आई, तुम्हाला हे येतं आणि मी तीन महिने यूट्यूब बघतेय!"

अर्ध्या तासात पापडाची पोळी झाली. तेवढ्यात काठी टेकत मंदाताई आल्या. माझी मोठी नणंद, वय अठ्ठ्याहत्तर. चाळीस वर्षं मुलींना गाणं शिकवलं आहे. त्यांनी येताच एका आऱ्यावर नखाने टिचकी मारली, मग शेजारच्यावर.

"शी! किती बेसूर आहे हे!"

"मंदाताई, हे चाक आहे."

"ताणलेली तार आहे ना? मग सूर असणारच. एक घट्ट, एक सैल, म्हणून तर वाकतंय. सगळे एका षड्जात लाव. अवंतिका, हा घे." आणि त्यांनी सा लावला.

मला ते पटलं. खरं सांगायचं तर कौतुकच वाटलं. वडीलही टिचकी मारून ऐकायचे. तासभर आम्ही तिघी चाकाभोवती बसून होतो. मी टिचकी मारायची, मंदाताई "चढव" किंवा "उतरव" म्हणायच्या, अवंतिका चावी फिरवायची. शेवटी सगळे आरे एकसुरात बोलू लागले. चाक फिरवलं, जराही वळवळ नाही!

अवंतिकाने सायकल सरळ उभी केली, चाक मोकळं फिरावं म्हणून सोडून ठेवलेला ब्रेक परत जोडला, पुढे ढकलली आणि ती जागची हललीच नाही. सबंध चाक डावीकडे सरकून ब्रेकच्या रबरावर बसलं होतं.

"हे काय झालं?" अवंतिकाचा आवाज चिरकला. "आई, आता तर चालवतासुद्धा येणार नाही."

मंदाताईंनी पुन्हा एका आऱ्यावर टिचकी मारली; सूर तर बरोबर होता.

मी गुडघे धरून खाली बसले आणि पहिल्यांदाच त्या चाकाच्या मध्याकडे नीट पाहिलं. उजवीकडे गियरच्या दातेरी चकत्यांची चळत. तिला जागा द्यायची म्हणून त्या बाजूचे आरे जवळजवळ उभे. डावीकडचे मात्र चांगले तिरके. तिरक्यांना उभ्यांइतकंच ताणलं, की ते रिम आपल्याकडे ओढून घेणारच. वडिलांच्या सायकलला गियर कुठे होते!

"मंदाताई, तंबोऱ्याच्या चारही तारा षड्जात लावतो का आपण?"

त्या काठी आपटून म्हणाल्या, "पंचम! अगं बाई, पहिली तार मंद्र पंचमाची. डावी बाजू उतरव!"

"कितनी?" अवंतिकाने विचारलं.

"मी गाते तेवढी."

डावीकडचे आरे एकेक करून सैल होत गेले. एकाचा पाव फेरा, मग पुढच्याचा, पुन्हा पहिल्यापासून. मंदाताईंचा थरथरता पंचम अंगणात उभा होता. शेजारच्या गरिमाने गच्चीवरून विचारलं, "आंटी, रियाज़ चल रहा है?"

"चक्के का!" अवंतिका ओरडली, आणि दुपारपासून पहिल्यांदा हसली.

रिम हळूहळू सरकत मधोमध आली. दोन्ही रबरांपासून सारखं अंतर. शेवटचा खडू मी धरला. चाक फिरत राहिलं, रिम कोरीच राहिली.

रविवारी साडेपाचला ती निघाली. आम्ही दोघी शाली पांघरून फाटकात उभ्या होतो. दहा वाजून गेले तरी पत्ता नाही. मंदाताईंनी चारदा घड्याळ पाहिलं, मी पाच वेळा. "चाकाने दगा तर दिला नसेल?" असं मी म्हटलं नाही, त्यांनीही म्हटलं नाही.

साडेदहाला घंटी वाजली. धुळीने माखलेली अवंतिका, हँडलला गरम कचोऱ्यांची पिशवी.

"कितवी आलीस?" मंदाताईंनी विचारलं.

"मागून तिसरी! पण उतरले नाही, आत्या. एकदाही नाही. ये देखो, शंतनुला फोटो पाठवला."

मंदाताईंनी वाकून डाव्या बाजूच्या एका आऱ्यावर टिचकी मारली, कान लावला आणि कपाळाला आठी घातली.

"पंचम किंचित उतरलाय. सीमंतिनी, चावी आण."

"आधी कचोरी खा," मी म्हटलं आणि खडू शोधायला आत गेले.